साइटवर वहिनी आल्या

गणेशविसर्जन झालं की कुपवाड आणि मिरज एमआयडीसीच्या आसपासच्या घरांतून माणसं कमी होऊ लागतात. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी इन्स्ट्रुमेंटवाला, कुणी बॉयलरचा कमिशनिंग इंजिनिअर. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. नवी यंत्रं त्याआधी उभी करून, चालवून, कारखान्याच्या ताब्यात द्यायची असतात. त्यामुळे घरोघर आकाशकंदील लागतात तेव्हा ही माणसं कुठल्या तरी परमुलखात, लोखंडी जिन्यावर, हातात टॉर्च घेऊन उभी असतात. घरच्यांना विचारलं तर एवढंच उत्तर मिळतं, “साइटवर आहेत.”

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून महाराष्ट्रात कारखान्यांबरोबर ते बांधणारे आणि चालवणारे हातही तयार होत गेले. आज हे हात महाराष्ट्रापुरते राहिलेले नाहीत. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, आणि पुढे केनिया, युगांडा, इथिओपियापर्यंत सांगली-कोल्हापूरकडची माणसं बॉयलर पेटवायला आणि टर्बाइन फिरवायला जातात. साखरेच्या राजकारणावर आपल्याकडे वर्षभर लिहिलं जातं, ऊसदरावरही लिहिलं जातं. या फिरतीच्या माणसांवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही, आणि त्यांच्या घरच्यांवर तर नाहीच.

या लेखासाठी मी अशा काही घरांत जाऊन बसलो. त्यांपैकी एका घरातली हकिकत इथे सविस्तर सांगतो, कारण ती ऐकल्यावर बाकीच्या घरांतलं मला नीट समजू लागलं. नवराबायको दोघांनीही नावं छापू नका असं सांगितलं. कंपनीचं आणि कारखान्याचंही नाव मी घेत नाही. साइटवर त्यांना साहेब आणि वहिनी म्हणत, मीही तेच म्हणतो.

साहेब बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत कमिशनिंगला. वहिनी एका पतसंस्थेत क्लार्क. मुलगी दहावीत. काम होतं उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेलगतच्या तराईत. कारखाना जुना, चालू असलेला. त्याला सहवीजनिर्मितीसाठी नवा बॉयलर आणि नवं टर्बाइन जोडायचं होतं. ताशी ८० टन वाफ देणारा, ६७ किलो दाबाचा बॉयलर. साहेबांनी असे कितीतरी चालू करून दिलेले. दसऱ्याच्या सुमारास जायचं, दिवाळी तिकडेच काढायची आणि डिसेंबर उजाडायच्या आत घरी परतायचं, असा हिशेब होता.

हिशेब पहिल्यापासूनच बिघडला. बॉयलरला साधं पाणी चालत नाही, क्षार पूर्ण काढलेलं लागतं. ते पाणी तयार करणारा प्लांट कारखान्याने दुसऱ्या ठेकेदाराला दिलेला आणि तो अर्धवट पडलेला. पाणी नाही म्हणून बॉयलर भरता येईना. पाणी आलं तोवर फिटरांची टोळी दिवाळीला गावी गेली आणि परत आली ती निम्मीच. स्थानिक मजूर छठ पूजेला गेले. भट्टीच्या आतल्या विटा आणि सिमेंट वाळवायला लाकडाचा मंद जाळ सलग काही दिवस ठेवावा लागतो. त्यात घाई केली तर तडे जातात. मग नळ्यांमधलं तेल आणि चिकटा निघावा म्हणून सोडा आणि फॉस्फेट घातलेलं पाणी उकळवायचं. ही सगळी कामं साहेबांनी एका शिकाऊ इंजिनिअरला हाताशी धरून उरकली. तो वाळवा तालुक्यातला पोरगा, कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला, पहिल्यांदाच महाराष्ट्राबाहेर आलेला.

काम अडलं ते स्टीम ब्लोइंगला. नव्या पाइपांत वेल्डिंगचे कण, गंजाचे पापुद्रे, लोखंडाचा कीस राहिलेला असतो. पाचशे अंशांच्या घरातली वाफ त्यातला एक कणही घेऊन टर्बाइनच्या पात्यांवर आदळली तर पाती खराब होतात, आणि टर्बाइन म्हणजे कोट्यवधींचा ऐवज. म्हणून टर्बाइनला जोडण्याआधी पाइपांतून वाफेचे जोरदार झोत मोकळ्या हवेत सोडतात. शेवटी शेवटी झोताच्या वाटेत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी बसवतात. कण राहिले असतील तर पट्टीवर बारीक खड्डे पडतात. किती खड्डे चालतील, केवढे चालतील, हे टर्बाइनवाले ठरवतात. पट्टी पास झाल्याशिवाय ते टर्बाइनला हात लावू देत नाहीत.

अशी एक नापास पट्टी साहेबांच्या घरी काचेच्या कपाटात ठेवलेली आहे. मी ती हातात घेऊन पाहिली. लांबी वीतभर, जाडी अगदी थोडी, एका बाजूने नुसती देवी आल्यासारखी. बोट फिरवलं तर खरखर लागते. एका कोपऱ्यात मार्करने तारीख आणि वेळ लिहिली आहे. रात्री पावणेतीनची.

त्या पावणेतीनलाच साहेबांच्या अंगात ताप होता. त्याआधीचे काही दिवसही होता. क्रोसिन घ्यायची, घाम आला की स्वेटर चढवायचा आणि वर जायचं. कारखान्याचे अधिकारी रोज विचारत होते, वीज कधी सुरू होणार? कंपनीचे वरिष्ठ फोनवर सांगत होते, आता तुम्हीच खेचा, दुसरा माणूस मोकळा नाही. दोन महिन्यांचा भत्ता अडकलेला, खोलीचं भाडं थकलेलं. मेसवाल्याने उधारी बंद केल्यावर साहेबांनी स्वतःच्या पैशांतून पोरांचं जेवण चालवलं आणि स्वतः चहा-बिस्किटांवर राहू लागले. घरी फोन केला की आवाज चढवून बोलायचे. “सगळं व्यवस्थित आहे. ट्रायल जवळ आलीय.”

आणि ते खोटं बोलत होते असंही म्हणता येत नाही. या धंद्यात घरी असंच बोलायचं असतं. माझ्याशी बोललेल्या प्रत्येक माणसाने हे मान्य केलं. एक निवृत्त फिटर म्हणाले, “लांबच्या माणसाला सांगून काय उपयोग? रात्रभर जागं राहील नुसतं.” त्यांच्या तरुणपणी ट्रंक कॉल लावायला पोस्टात तासभर बसावं लागे आणि घरी तार गेली की ती वाचायच्या आधीच बायका रडायला लागत. आता हातात व्हिडिओ कॉल आहे. तरी सांगायचं नाही ही रीत तशीच आहे.

वहिनींना कळलं ते पतसंस्थेच्या काउंटरवर. दिवाळीला आलेला आणि साइटवर परत न गेलेला एक फिटर ठेव मोडायला आला होता. फॉर्म भरताना मान वर न करता म्हणाला, “वहिनी, साहेब जेवत न्हाईत. आन् अंगात ताप हाय त्यांच्या. सांगू नका मी बोललो म्हनून.”

त्यांनी त्याची ठेव मोडून दिली, पैसे मोजून दिले, पावती दिली. मग मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन रजेचा अर्ज लिहिला. दुपारी नणंदेला फोन केला. मुलीला आत्याकडे सोडलं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला सांगलीहून बसल्या. सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरून तिथूनच लखनौची पुष्पक पकडली. तिकीट तत्काळमध्ये मिळालं ते मुलीच्या मोबाइलवरून.

“त्यांना सांगितलं नाही?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर येऊ नकोस म्हणाले असते. आणि त्यांनी नको म्हटल्यावर मी गेले असते की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून विचारलंच नाही.”

तराईतलं डिसेंबरचं धुकं ज्याने पाहिलं आहे त्यालाच ठाऊक. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. गाड्या तासन् तास रखडतात. सकाळी पोहोचणारी पुष्पक लखनौला दुपार उलटल्यावर लागली. कैसरबागच्या बसस्टँडवरून सीतापूरकडची बस, तिथून पुढे दुसरी बस, मग टेम्पो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. महाराष्ट्रात ऊस तोडायला टोळ्या येतात आणि तोड-वाहतूक कारखाना बघतो. तिकडे पर्ची, म्हणजे ऊस आणण्याची चिठ्ठी, मिळाली की शेतकरी स्वतःच तोडून ट्रॅक्टर किंवा बुग्गीतून ऊस आणतो आणि थंडीत शेकोटी करून आपल्या नंबराची वाट पाहतो. वहिनींच्या टेम्पोला त्या रांगेतून वाट काढायला बराच वेळ लागला.

गेटवर पहारेकऱ्याने अडवलं. किससे मिलना है? वहिनींचं हिंदी टीव्हीवरून आलेलं. त्या म्हणाल्या, “बॉयलर के साहब से. मैं उनके घर से हूँ.” पहारेकऱ्याने मफलर बाजूला केला, त्यांच्या हातातल्या पिशव्यांकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. मग स्वतःच एका पोराला सायकलवर पिटाळलं. तो शिकाऊ इंजिनिअर धावत आला, पाया पडला आणि रडायलाच लागला. मोठ्या माणसाने आजारी पडायचं आणि आपण बावीस-तेवीसच्या वयात बॉयलरपुढे उभं राहायचं, याची त्या पोराला किती भीती वाटली असेल! “वहिनी, मी कुणाला फोन करू तेच कळत नव्हतं,” हे त्याचं पहिलं वाक्य.

खोली कारखान्याच्या बाहेर, बिनप्लास्टरच्या घरात. चार खाटा. खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. साहेब दोन रजयांखाली. वहिनींनी पिशव्या खाली ठेवल्या, चपला काढल्या आणि कपाळाला हात लावला.

इथे मला वाटलं होतं की साहेब सांगतील, फार बरं वाटलं. त्यांनी तसं सांगितलं नाही. “मला राग आला,” ते म्हणाले. “त्या अवस्थेत हिने मला बघावं हे नको होतं. साइटवर माझा एक मान आहे. पोरांसमोर बायको येऊन कपाळाला हात लावते, हे मला सहन झालं नाही. पहिला तासभर मी धड बोललोच नाही.”

वहिनी बाजूलाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मीही नाही बोलले. मी किटली लावली.”

पिशवीत इलेक्ट्रिक किटली होती, इंडक्शनची शेगडी, तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, घरची हळद आणि पोरांसाठी भडंगाचे मोठे पुडे. रात्री मऊ भात आणि मेतकूट. साहेबांनी चार घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो करून वहिनी त्यांना जिल्ह्याच्या गावी घेऊन गेल्या. रक्त तपासलं. टायफॉइड. तिथल्या डॉक्टरांनी तारखांचा हिशेब घातला आणि चिडूनच विचारलं, इतके दिवस काय करत होतात? टायफॉइडवर वेळेत औषध दिलं तर माणूस बरा होतो. अंगावर काढला तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, आणि ते त्या थंडीत, त्या रस्त्यावरून लखनौ गाठण्याआधीच जिवावर बेतू शकतं. साहेब दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी होते.

दोन रात्री दवाखान्यात सलाइन आणि इंजेक्शनं झाली. मग वहिनींनी जे केलं त्याला नुसती सेवा म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. त्या कारखान्याच्या जनरल मॅनेजरना जाऊन भेटल्या. भांडल्या नाहीत. डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, तुमच्या कॉलनीत एखादं रिकामं क्वार्टर आहे का? होतं. कुणी मागितलंच नव्हतं. साहेबांना वाटत होतं की ती जबाबदारी कंपनीची. कंपनीला वाटत होतं साहेब बघतील. कारखान्याला वाटत होतं कंपनीने सोय केलेली आहे. तीन बाजूंच्या तीन समजुतींमध्ये एक माणूस बिनकाचेच्या खोलीत तापाने फणफणत पडला होता. त्या संध्याकाळी ते क्वार्टरमध्ये आले. तिथे गरम पाणी होतं.

मग भत्त्याचं. पतसंस्थेत रोज व्हाउचर तपासणाऱ्या बाईला थकबाकीचा तक्ता करायला किती वेळ लागतो? महिनावार, तारीखवार, कुठली बिलं पाठवली, कुठली मंजूर झाली, कुठली पडून आहेत, असा एकपानी हिशेब त्यांनी साहेबांच्या ईमेलवरून कंपनीच्या अकाउंट्सला पाठवला. त्यासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं. काही दिवसांत पैसे आले. मेसवाल्याची उधारी फिटली.

आणि काम? ते तर तसंच अडलेलं. साहेबांच्या गैरहजेरीत शिकाऊ पोरगा झोतांवर झोत सोडत होता, कारण सगळे त्याच्यामागे लागले होते. पट्ट्या मात्र नापासच होत होत्या. वहिनींनी त्याला रोज संध्याकाळी क्वार्टरवर जेवायला बोलवायला सुरुवात केली. भात वाढता वाढता त्या ऐकत असत. पोरगा दिवसभराचं सांगे, साहेब पडल्या पडल्या विचारत. किती दाबाला व्हॉल्व्ह उघडला? किती दाबाला मिटला? दोन झोतांमध्ये किती वेळ सोडला?

तिसऱ्या प्रश्नाला सगळं उलगडलं. पोरगा थांबतच नव्हता. दाब चढला की झोत, पुन्हा दाब, पुन्हा झोत, रात्रंदिवस. पाइप सतत तापलेलाच. नुसत्या झोताच्या जोराने पापुद्रे निघत नाहीत. पाइप तापतो तेव्हा प्रसरण पावतो, गार होताना आकुंचतो; त्या ओढाताणीत आतला गंज भिंतीपासून सुटतो आणि पुढच्या झोतात बाहेर पडतो. म्हणून मध्ये पाइप गार व्हायला वेळ द्यावा लागतो, रात्रभर दिला तर उत्तम. साहेबांना हे पाठ होतं. पण ताप अंगात असताना, कारखान्याची घाई डोक्यावर असताना, ते स्वतःही हे पाळत नव्हते. पावणेतीनची ती पट्टी त्याच काळातली.

पोरगा म्हणाला, मी सांगितलं तर ऐकणार नाहीत. तेव्हा साहेबांनी मजकूर सांगितला आणि वहिनींनी तो हिंदीत, मोठ्या अक्षरात लिहून काढला. रात्री दहा ते सकाळी सहा ब्लोइंग बंद राहील, पाइप पूर्ण गार होऊ द्यायचा आहे, याची जबाबदारी माझी. खाली साहेबांची सही आणि तारीख. त्याची छायाप्रत मी पाहिली. अक्षर पतसंस्थेच्या पासबुकात असतं तसं, सरळ आणि सुटं. तो कागद हातात आल्यावर पोराला बळ आलं. कंट्रोल रूमच्या भिंतीवर त्याने तो चिकटवला. जनरल मॅनेजर रात्री आले, वाचून गेले.

त्यानंतर तीन रात्री बॉयलर शांत राहिला. चौथ्या दिवशी दुपारी पट्टी निघाली ती जवळजवळ स्वच्छ. पुढची त्याहून स्वच्छ. टर्बाइनवाल्यांच्या इंजिनिअरने दोन्हींवर सही केली.

वहिनी काही तो बॉयलर बघायला गेल्या नव्हत्या. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला त्यातलं काय कळतंय? हे बोलायचे, पोरगा ऐकायचा. ह्यांना बोलायला कुणी नव्हतं इतकंच.” मला हे पटलं नाही आणि मी ते त्यांना सांगितलंही. बोलायला फोन होता, वरिष्ठ होते. पण घरचं माणूस समोर आल्यावरच साहेबांना आजारी असण्याची मुभा मिळाली. तोवर ते साइटवर साहेब होते, फोनवर कर्ता पुरुष होते, आजारी असायला त्यांना जागाच नव्हती.

सगळ्या हकिकती अशा सरळ होत नाहीत. मिरजेच्या एका बाईंनी मला सांगितलं की त्या अशाच न सांगता कर्नाटकातल्या एका साइटवर गेल्या होत्या. नवरा वेल्डर. गेटवर यादीत नाव नाही म्हणून आत सोडलं नाही, नवरा उंचावर कामाला, फोन खाली लॉकरमध्ये. चार तास त्या गेटबाहेर टपरीवर बसल्या. सुपरवायझरने निरोप पोहोचवला नाही. शेवटची बस चुकेल म्हणून परत निघाल्या. नवऱ्याला रात्री कळलं. त्यावरून दोघांत झालेलं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. “तुला कुणी बोलावलं होतं?” हे त्याचं वाक्य त्यांनी मला दोनदा सांगितलं.

उलटी बाजूही आहे. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आता मुली येऊ लागल्या आहेत. त्यांच्यातल्या एकीचा नवरा शाळामास्तर. ती बाहेरच्या राज्यात साइटवर असताना तिचा हात भाजला. तिने घरी कळवलं नाही. सहकाऱ्याच्या स्टेटसवरच्या फोटोत बँडेज दिसलं म्हणून तो रजा टाकून पोहोचला आणि आठवडाभर गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात पोळ्या करत राहिला. साइटवरच्या पुरुषांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं, असं ती म्हणाली. पुरुष बायकोच्या साइटवर येतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आता साखर कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला या. महाराष्ट्रात ऊसतोडीला बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून जी माणसं येतात, ती जोडीनेच घेतली जातात. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला. एकटा पुरुष किंवा एकटी बाई त्याला चालत नाही, कारण एकाने तोडायचं आणि दुसऱ्याने मोळी बांधायची. दोघांपैकी एक आजारी पडला तरी खाडा धरतात आणि पैसे कापतात. बाईला विश्रांती नाही, पाळी-बाळंतपणाला सवड नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली, ती याच रोजगाराच्या पद्धतीमुळे.

म्हणजे एकाच साखरेच्या धंद्यात, शेतातल्या कामाला जोडीदार असल्याशिवाय माणूस घेत नाहीत, आणि बॉयलरवरच्या कामाला जोडीदार गेटच्या आत घेत नाहीत. काम उपसायचं असेल तर नवराबायको एक. दुखणं काढायचं असेल तर दोघांनी आपापलं बघायचं. हे मला या सगळ्या फिरण्यात सर्वांत जास्त टोचलं.

कायदा काय म्हणतो ते मी वाचलं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केंद्राने कायदा केला. आता तो २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. त्या जुन्या कायद्यात जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता होता, राहण्याची योग्य सोय आणि मोफत औषधोपचार होते. कामगाराच्या जवळच्या नातलगाला कळवण्याचं बंधनही ठेकेदारावर होतं, पण ते फक्त प्राणघातक अपघात किंवा गंभीर दुखापत झाली तर. तापाने फणफणलेल्या माणसाच्या घरी कळवा, असं तिथे कुठे नव्हतं. आणि साहेबांसारखे पगारदार इंजिनिअर आणि सुपरवायझर तर अशा कायद्यांच्या कक्षेत क्वचितच येतात. त्यांचं सगळं नेमणूकपत्रावर.

बाकीच्या नोकऱ्यांनी यावर काही ना काही वाट काढलेली आहे. रेल्वे कर्मचाऱ्याला कुटुंबासह पास मिळतो. सीमेवर असलेल्या जवानाच्या कुटुंबासाठी लष्कर वेगळी घरं राखून ठेवतं. व्यापारी जहाजांच्या कित्येक कंपन्या अधिकाऱ्यांच्या जोडीदाराला सफरीवर सोबत नेऊ देतात. तिथेही काम धोक्याचंच असतं, जागा अपुरीच असते. बॉयलरच्या साइटवर एक खोली आणि एक तिकीट देता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. ब्लोइंग एक दिवस लांबलं की कारखान्याचं विजेचं उत्पन्न जेवढं बुडतं, त्यापुढे सांगली ते लखनौच्या तिकिटाची रक्कम कुठे मोजायची?

साइटवरच्या काही जुन्या माणसांना हे आवडलं नाही, तेही सांगायला हवं. एक सुपरवायझर म्हणाले, “बायका यायला लागल्या की पोरांचं कामावरचं लक्ष उडतं. साइट म्हणजे काय सहल आहे?” ते अनुभवी गृहस्थ आहेत आणि त्यांच्या हाताखाली शेकडो माणसं घडली. पण मी त्यांना विचारलं, तुम्ही स्वतः कधी साइटवर आजारी पडलात? पडले होते, बिहारमध्ये, कावीळ. तेव्हा काय केलंत? शेजारच्या खाटेवरच्या फिटरने पंधरा दिवस सगळं केलं, असं ते म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं की त्या फिटरचा त्या पंधरा दिवसांचा पगार खाड्यात गेला होता.

साहेब पूर्ण बरे व्हायला जानेवारी अर्धा उलटला. टर्बाइन संक्रांतीनंतर फिरलं. वहिनी त्याआधीच परतल्या होत्या, मुलीची पूर्वपरीक्षा होती. शिकाऊ पोरगा त्यांना लखनौपर्यंत सोडायला आला. तो आता दुसऱ्या एका साइटवर स्वतंत्रपणे बॉयलर चालू करून देतो. तिथे गेल्या गेल्या त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे हाताखालच्या प्रत्येक माणसाच्या घरचा नंबर वहीत लिहून घेणं, आणि प्रत्येकाच्या घरी साइटचा पत्ता, आपला नंबर आणि जवळच्या दवाखान्याचं नाव पाठवणं. हे त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

हा अंक हाती येईल तेव्हा कितीतरी घरांतली माणसं साइटवर असतील. त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं आहे की साइटचा पूर्ण पत्ता, बरोबरच्या दोन माणसांचे नंबर आणि तिकडच्या मॅनेजरचा नंबर आजच मागून घ्या. “कशाला लागतोय?” असं उत्तर आलं तरी मागा. कंपन्यांच्या मालकांना विनंती आहे की नेमणूकपत्रात एक कलम वाढवा: काम ठरल्यापेक्षा लांबलं किंवा माणूस आजारी पडला तर जोडीदाराचं येण्याजाण्याचं तिकीट आणि राहण्याची खोली कंपनीने द्यायची.

साहेबांनी ती कंपनी सोडली आहे. नव्या कंपनीत रुजू होताना त्यांनी नेमकं हेच कलम मागितलं. एचआरच्या बाईंनी छापील मसुद्यात बसत नाही असं सांगितलं, पण शेवटी वेगळ्या कागदावर लिहून सही करून दिलं. छापील मसुद्यात ते कलम अजून आलेलं नाही.